शिंदीच्या झाडापासून बिअरच्या बाटलीपर्यंत

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत ओढ्याच्या काठानं आणि शेताच्या बांधावर अजूनही शिंदीची झाडं उभी दिसतात. एखाद्या म्हाताऱ्या झाडाजवळ जाऊन खोड न्याहाळलं, तर त्यावर खाचा दिसतात. एक डावीकडे, तिच्या वर एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सरळ वाढायचं खोड त्यामुळे नागमोडी झालेलं असतं. एक खाच म्हणजे एक हंगाम. थंडी पडू लागली की शिंदी काढणारा कमरेला दोर बांधून वर चढायचा, शेंड्याखालच्या काही झावळ्या उतरवायचा आणि धारदार कोयत्यानं तासून आतला पांढरट, मऊ गाभा उघडा करायचा. त्यात बारीकशी पन्हळ बसवायची, खाली मडकं टांगायचं. रात्रभर रस थेंबाथेंबानं मडक्यात उतरायचा. पहाटे काढलेला रस नितळ आणि गोड असतो, तीच नीरा. ऊन वर आलं की किण्वाचं काम सुरू होतं, रस पांढुरका होऊन फेसाळतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी झालेली असते. तिच्यात मद्यार्क साधारण चार-पाच टक्के, म्हणजे साध्या बिअरइतकाच.

बिअरच्या एखाद्या कंपनीवर ग्राहकांनी टाकलेला बहिष्कार म्हटलं की आपल्याला अमेरिकेतल्या बातम्या आठवतात. त्यांच्याकडे येतोच. पण बिदर आणि कलबुर्गीच्या मातीत पेयावरचा सगळ्यात मोठा बहिष्कार घडला तो या शिंदीच्या झाडाभोवती, आणि त्यात प्याला खाली ठेवणाऱ्यांपेक्षा कुऱ्हाड उचलणारे जास्त होते.

वर्ष 1947. बिदर, गुलबर्गा (आजचा कलबुर्गी), उस्मानाबाद, नांदेड हे सगळे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या तिजोरीत जमीनमहसुलाच्या खालोखाल मोठी भर पडायची ती आबकारीची. शिंदीच्या झाडांवर कर होता, विक्रीचे गुत्ते लिलावानं जायचे आणि गुत्तेदार गावोगाव दुकानं चालवायचे. कष्टकरी माणसाचा संध्याकाळचा पैसा गुत्तेदाराच्या हातून सरकारात जायचा. भारत स्वतंत्र होत असताना निजामानं वेगळं राहायचं ठरवलं, तेव्हा हैदराबाद स्टेट काँग्रेसनं स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पुकारला. 7 ऑगस्ट 1947 हा दिवस संस्थानभर भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळला गेला. 15 ऑगस्टला तिरंगा फडकवल्यावर स्वामीजींना अटक झाली. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजं सोडली, शेतकऱ्यांनी लेव्ही नाकारली, जंगल सत्याग्रह झाले, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले झाले. त्याच कार्यक्रमात शिंदीची झाडं तोडणं हेही एक कलम होतं. झाडच नाही तर शिंदी नाही, शिंदी नाही तर गुत्ता नाही, आणि गुत्ता नाही तर निजामाच्या तिजोरीत तेवढी तूट. मराठवाड्यातल्या जुन्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत रात्री कुऱ्हाडी घेऊन ओढ्याकाठी गेलेल्या पोरांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात.

स्वामी रामानंद तीर्थ मराठी वाचकाला मराठवाड्याचे म्हणून माहीत आहेत. मूळचे ते व्यंकटेश खेडगीकर, जन्म सिंदगीचा, आणि 1952 च्या पहिल्या निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून गेले ते गुलबर्ग्यातून. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्यावर सारखाच हक्क सांगता येतो.

या झाडतोडीला बहिष्कार म्हणावं का, असा प्रश्न मला पडतो. 1908 साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानं दारूच्या दुकानांवर निरोधन झालं, तेव्हा स्वयंसेवक गुत्त्याच्या दाराशी उभे राहून येणाऱ्याला हात जोडून परत फिरवत. तिथं निर्णय पिणाऱ्याचा होता. शिंदीच्या बाबतीत पिणाऱ्याला कुणी विचारलं नाही. ज्याची रोजीच झाडावर होती त्याला तर नाहीच नाही. कन्नड मुलखातला ईडिग, तेलंगणातला गौड, आपल्याकडचा कलाल यांच्या कैक पिढ्या याच खाचांवर जगल्या. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांत हेंडद मारय्या नावाचा शरण होता. हेंड म्हणजे ताडी-शिंदी विकणं हा त्याचा धंदा, आणि तरीही वचनकारांच्या पंगतीत त्याला मान होता. त्याच कल्याणच्या परिसरात आठशे वर्षांनी झाडं तोडावी लागली, याचं मला वाईट वाटतं. पण तोडणाऱ्यांचा हिशेबही खोटा नव्हता. जुलमी सत्तेचा पैसा कुठून येतो हे त्यांनी अचूक हेरलं होतं, आणि तो तोडायला त्यांच्या हाती दुसरं हत्यार नव्हतं.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शननं संस्थान भारतात आलं. पुढं 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात गेले. उरलेला बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. एका जिल्ह्याच्या जत्रा, सोयरिकी, बाजार आधीसारखेच राहिले, आबकारी कायदे मात्र तीन झाले. या तिहेरी सीमेवर पेल्यात काय येतं ते माणसाच्या आवडीपेक्षा या तीन कायद्यांनी जास्त ठरवलं आहे.

कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून साराई, म्हणजे अर्क, बंद झाली. त्याआधी प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटांत मिळणारी साराई हे मजुराचं रोजचं पेय होतं. ती गेली तेव्हा दारू गेली नाही. स्वस्त व्हिस्की आणि रमच्या कागदी खोक्यांतल्या क्वार्टर तिच्या जागी आल्या. ताडी-शिंदीचा अधिकृत धंदा कर्नाटकात मुख्यतः किनारपट्टीच्या जिल्ह्यांपुरता उरला. तिकडे जहीराबादला पोचलं की तेलंगणात ताडीची दुकानं आहेत, आणि अलीकडे उदगीर-उमरग्याला देशीची. बंदी असलेल्या बाजूला चोरून येणाऱ्या ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळलेलं असण्याचा धोका असतो. झोप आणणारं हे रसायन ताडीचा एक थेंबही नसलेल्या पाण्याला ताडीसारखी नशा देतं, आणि सवय लागलेल्या माणसाला ते एकाएकी सोडता येत नाही. नितळ नीरेपासून निघालेली वाट अशा पावडरीपर्यंत यावी, ही या भागाची खरी शोकांतिका आहे, आणि ती सांगताना आडपडदा ठेवू नये.

आता बिअर. सोलापूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा तिन्ही राज्यांतून जातो. उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा 42 अंशांच्या पुढे जातो, आणि रस्त्याकडेच्या बारमध्ये थंडगार 650 मिलीची बाटली हेच पहिलं मागणं असतं. त्या बाटलीचं लेबल एकदा नीट वाचून पाहावं. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली भट्टीचा पत्ता, मद्यार्काचं प्रमाण, किंमत आणि ही बाटली कोणत्या राज्यात विकायची आहे त्याचा उल्लेख. कर्नाटकातली बाटली उमरग्यात विकली तर तो गुन्हा ठरतो, चव तीच असली तरी. महाराष्ट्रात परमिट रूम आणि बिअर शॉपी, कर्नाटकात बसून प्यायचा बार सीएल-9 परवान्याचा आणि नुसतं विकायचं दुकान सीएल-2 चं. 1 एप्रिल 2017 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली, लहान गावांसाठी ते अंतर 220 मीटर ठरलं, आणि त्याच वर्षी जुलैत पालिका हद्दीतल्या दुकानांना सूट मिळाली. रस्त्याकडेच्या धंद्याची जागा त्या काही महिन्यांत हलली. गिऱ्हाइकाचं मत त्यात कुठं नव्हतं.

कर्नाटकात 2003 पासून सगळी घाऊक विक्री राज्याच्या पेय महामंडळामार्फत होते. तेलंगणातही तसंच महामंडळ आहे. कंपनी माल महामंडळाला विकते, महामंडळ दुकानदाराला, दुकानदार आपल्याला. मूळ भाव सरकार मान्य करतं, त्यावरचा कर सरकार लावतं. या साखळीत ग्राहक सगळ्यात शेवटी उभा आहे. ही गोष्ट जानेवारी 2025 मध्ये फार स्पष्ट दिसली. किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीज कंपनीनं 8 जानेवारीला तेलंगणाच्या महामंडळाला पुरवठा थांबवत असल्याचं जाहीर केलं. 2019-20 पासून मूळ दर वाढवून मिळाला नाही आणि मोठी रक्कम थकली, ही तिची तक्रार. तेलंगणातल्या बिअरचा फार मोठा हिस्सा एकट्या या कंपनीचा, आणि तिच्या भट्ट्या बिदरला लागून असलेल्या संगारेड्डी जिल्ह्यात. म्हणजे जिथं बिअर तयार होते, त्याच जिल्ह्यातल्या बारला तिचा नवा माल मिळेना. जवळजवळ दोन आठवड्यांनी बोलणी होऊन पुरवठा सुरू झाला आणि फेब्रुवारीत सरकारनं दर 15 टक्क्यांनी वाढवले. बहिष्कार झाला खरा, पण तो कंपनीनं सरकारवर टाकला होता, आणि त्याचं बिल शेवटी पिणाऱ्याच्या टेबलावर आलं.

त्याआधीचं आणखी एक प्रकरण सीमाभागातल्या प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हवं. 24 सप्टेंबर 2021 ला भारतीय स्पर्धा आयोगानं बिअर कंपन्यांच्या संगनमताबद्दल निकाल दिला. 2009 ते 2018 या काळात बाजारात एकमेकींच्या स्पर्धक म्हणवणाऱ्या कंपन्या आपसात भाव ठरवत होत्या, आणि ज्या राज्यांत हे घडलं त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. महाराष्ट्रात मिळून पुरवठा रोखल्याचं आयोगाला आढळलं, आणि बंगळुरूच्या नामांकित हॉटेल-बारना कोणी माल द्यायचा यावरही दोन बड्या कंपन्यांचं ठरलं होतं. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे 752 कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे 121 कोटी रुपये दंड झाला. तिसरी मोठी कंपनी एबी इनबेव्ह हिनं स्वतःहून माहिती पुढं केली म्हणून तिला दंडातून पूर्ण सूट मिळाली. एका ब्रँडवर रागावून दुसरा मागवणाऱ्या माणसाला वाटत होतं की आपण निवड केली. ती निवड आधीच वाटून घेतलेली होती.

मग बिअरच्या ब्रँडवरचा बहिष्कार खरंच कधी यशस्वी झाला का? झाला, आणि तो जिथं झाला ती गोष्ट तपशिलानं सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात गोल्डन नावाच्या गावी 1873 साली ॲडॉल्फ कुर्स यानं भट्टी सुरू केली. शंभर वर्षांनंतर ही बिअर पश्चिमेकडच्या मोजक्याच राज्यांत मिळे, आणि त्यामुळे पूर्वेकडे तिचं एवढं आकर्षण होतं की लोक गाडीत भरून ती चोरून नेत. 1977 चा ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा गाजलेला हॉलिवूडपट अशाच ट्रकभर कुर्सच्या चोरट्या वाहतुकीवर आहे. राज्याच्या सीमेवर बाटलीचं मोल कसं बदलतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण कंपनीच्या आतला कारभार वेगळा होता. मेक्सिकन वंशाच्या लोकांना नोकऱ्या देत नाहीत म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस त्या समाजानं तिच्यावर बहिष्कार पुकारला. नोकरीसाठी आलेल्या माणसाला खोटं पकडण्याच्या यंत्राला जोडून त्याच्या खासगी आयुष्याबद्दल प्रश्न विचारले जात.

सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत बिअर पोचवणाऱ्या ट्रकचालकांनी वितरकांविरुद्ध संप केला. त्यांचा नेता ॲलन बेर्ड कॅस्ट्रो या वस्तीत राहायचा. ही वस्ती तोवर समलिंगी लोकांची होऊ लागली होती आणि तिथं त्यांचे बार होते. बेर्ड तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानाचा मालक हार्वे मिल्क याच्याकडे गेला. मिल्कनं मदतीची तयारी दाखवली, पण अट घातली की समलिंगी माणसांनाही ट्रकवर नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत. बेर्डनं शब्द दिला. मिल्क आणि हॉवर्ड वॉलेससारखे कार्यकर्ते एकेका बारमध्ये जाऊन मालकाशी बोलले आणि बारच्या मालकांनी कुर्स ठेवणं बंद केलं. सहापैकी पाच वितरकांनी संघटनेशी करार केला, कुर्सनं केला नाही. तेव्हापासून कुर्स त्या बारमधून गेली ती पुढं कित्येक वर्षं परत आली नाही. हाच मिल्क 1977 मध्ये शहराच्या मंडळावर निवडून आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला.

5 एप्रिल 1977 ला कुर्सच्या कारखान्यातल्या सुमारे दीड हजार कामगारांनी संप केला. तो संप हरला आणि 1978 च्या अखेरीस कारखान्यातली संघटनाही मोडली. पण अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या महासंघानं देशभर पुकारलेला बहिष्कार ऑगस्ट 1987 पर्यंत, म्हणजे दहा वर्षं, चालला. कॅलिफोर्नियात बिअरच्या बाजारातला कुर्सचा वाटा 1977 ला सुमारे 40 टक्के होता, तो 1984 मध्ये 14 टक्क्यांवर आला. शेवटी कंपनीनं महासंघाशी समझोता केला. या यशामागचं कारण मला बारच्या काउंटरमध्ये दिसतं. घरी फ्रीज उघडून कुणी काय पितो हे कुणाला दिसत नाही. बारमध्ये बाटली चार लोकांसमोर येते, आणि मालकानं एकदा ठेवायची नाही असं ठरवलं की शंभर गिऱ्हाइकांचा निर्णय एका माणसानं घेतलेला असतो. मिल्कला ही गोष्ट आधी कळली. 2023 मध्ये बड लाइट या बिअरवर अमेरिकेत उलट्या बाजूच्या लोकांनी, ट्रान्स व्यक्तीसोबतच्या जाहिरातीवरून, बहिष्कार टाकला. वीसहून अधिक वर्षं पहिल्या क्रमांकावर असलेली ही बिअर काही आठवड्यांत मोडेलो या बिअरच्या मागं गेली.

बिदर-कलबुर्गीत पिणाऱ्यांचा असा बहिष्कार उभा राहिला नाही, याची कारणं वर आलीच आहेत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या, घाऊक व्यापार सरकारच्या हाती. त्यात भर पिण्याबद्दल उघड बोलायला अजूनही असलेल्या संकोचाची. ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत बोलता येत नाही तिच्यासाठी संघटना बांधता येत नाही. पण न पिणाऱ्यांनी, म्हणजे बायकांनी, सीमेवरच्या या राज्यांत जे केलं ते कुर्सच्या कहाणीपेक्षा कमी नाही. 1992 साली आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी साराईचं दुकान बंद पाडलं आणि ती लाट राज्यभर पसरली. लिलाव उधळले गेले, 1993 मध्ये आंध्रात साराई बंद झाली आणि जानेवारी 1995 मध्ये पूर्ण दारूबंदी आली. ती 1997 मध्ये उठली, हेही नोंदवायला हवं. कर्नाटकात जानेवारी 2019 मध्ये हजारो बायका चित्रदुर्गाहून बंगळुरूपर्यंत दोनशे किलोमीटरहून जास्त चालत गेल्या. त्यांत कलबुर्गी विभागातल्याच रायचूर जिल्ह्यातल्या बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि मागणी एकच होती, राज्यात दारूबंदी करा. ती मान्य झाली नाही. दारूचा पैसा राज्याच्या अंदाजपत्रकात इतका खोल रुतला आहे की कोणत्याही पक्षाचं सरकार त्याला हात लावत नाही. निजामाच्या आबकारीविरुद्ध कुऱ्हाड उचलणाऱ्यांनी पाहिलेली गाठ लोकशाहीतही तशीच राहिली, एवढं मात्र म्हणावं लागेल.

सीमेच्या अलीकडे महाराष्ट्रात बायकांच्या हाती एक वेगळं साधन आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळून गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. नुसत्या झालेल्या मतांत बहुमत पुरत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. त्यामुळे त्या दिवशी घरात, शेतात किंवा माहेरी राहिलेल्या प्रत्येक बाईचं मत दुकानदाराच्या बाजूनं मोजल्यासारखं होतं. मतदानाआधीचे आठ दिवस म्हणून फार महत्त्वाचे असतात. याद्या तपासायच्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं शोधायची, ऊसतोडीला गेलेल्यांना निरोप धाडायचा, म्हाताऱ्यांना शाळेपर्यंत आणायचं. पारनेर तालुक्यातल्या निघोजनं 2016 मध्ये अशा मतदानात बाटली आडवी केली आणि तशी इतरही गावं आहेत.

पलीकडे बसवकल्याण, भालकी किंवा आळंदच्या बाईला चित्रांची ही मतपत्रिका नाही. तिची बहीण उमरग्यात किंवा निलंग्यात दिलेली असते, तिला ती आहे. दोघींच्या घरी येणारी दारू वेगवेगळ्या लेबलाची, पण तक्रार एकच. एकीला अर्ज करून सह्या गोळा करता येतात, दुसरीला त्यासाठी राजधानीपर्यंत चालत जावं लागतं.